लाल अक्षरं

इनास पहिल्यांदा आला तेव्हा सीझन संपत आला होता,
हरमलच्या वाटेवर शॅकचे बांबू उतरत होते
आणि मी डब्यातला भात खात होतो.
वहीच्या पानावर त्यानं होडी काढून आणली होती,
शाळकरी पोरानं काढावी तशी, वल्हं उलटं.
म्हणाला, तसंच ठेव.
होडी काळी. खाली नाव, लाल.
रुझार. रोमी अक्षरांत, पाच.
कोण, ते मी विचारलं नाही.
सुईखाली माणूस सांगायचं ते आपणहून सांगतो.
तो शेवटपर्यंत पंख्याकडे बघत राहिला.

लालची बाटली स्वस्तातली. झाकणावर ड्रॅगन,
तारीख पुसलेली,
किंवा मीच न वाचलेली.

अडीच महिन्यांनी आला तो हात पुढे धरून,
भरलं ताट सांभाळत आणावं तसा.
होडी होती तशीच, गप्प, कातडीत रुतलेली.
नाव मात्र वर आलं होतं.
पाचही अक्षरं टणक, फुगीर, चकचकीत,
झेडच्या कोपऱ्यात ओरबाडून पाणी सुटलेलं.
जाळं ओढताना खाजतं, म्हणाला,
मिसाला गुडघे टेकले की खाजतं,
उन्हात तर मिरची चोळल्यासारखं.
मी धंद्यातलं ठरलेलं बोललो:
तू खाजवलंस. खाऱ्या पाण्यात गेलास. खोबरेल लाव.
त्यानं मान हलवली. खारं पाणी त्याची रोजी होती.

बांबोळीला डॉक्टरीण बाईंनी मसुरीएवढा तुकडा काढला.
शाईची ॲलर्जी. लालच जास्त नडतो, म्हणाल्या,
काळ्याला शरीर सांभाळून घेतं.
शाईत काय होतं?
इनासनं तिथूनच मला फोन लावला.
मी बाटली उलटीसुलटी करून पाहिली.
ड्रॅगन आहे, म्हणालो.

त्या रात्री त्याच बाटलीतला एक ठिपका
मी माझ्या पोटरीत घातला, मिरचीच्या बीएवढा,
आणि वाट बघत बसलो.
काही झालं नाही.
अजून काही झालेलं नाही.
रोज अंघोळीला बसलो की आधी तिथे बोट जातं.

त्याचा बाप पास्कू. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले.
शापोराच्या मुखाशी होडी उलटली त्या वर्षापासून
त्या घरात रुझारचं नाव कुणी घेत नाही.
हातावरचं गोंदण इनासनं बापाला सांगितलंच नव्हतं.
एका संध्याकाळी खुर्चीतून उठताना
म्हाताऱ्यानं आधाराला हात धरला, आणि बोटं थांबली.
मग डावीकडून उजवीकडे, सावकाश,
एकेका अक्षरावर मुक्काम करत.
मलम ओलं होतं. इनास हलला नाही.
हांगा आसा रे तो? बापानं विचारलं.

आता दर चार आठवड्यांनी इंजेक्शन,
थेट अक्षरांत. दुखतं म्हणे, पण सूज उतरते.
आर सपाट झाला. यू जवळजवळ गेला.
बाई खूश आहेत.
आणि रोज दिवे लागले की पास्कू हात मागतो,
झेडपासून वाचायला सुरुवात करतो,
मागचं पाठ आहे म्हणतो.

परवा इनास दुकानात येऊन बसला. भांडायला नव्हे.
भांडला असता तर बरं झालं असतं.
इंजेक्शन थांबवू काय, विचारलं त्यानं,
बाहेर कुत्रं टायरखाली झोपलं होतं तिकडे बघत.
माझ्या हातात ग्लोव्ह होता, एकच चढवलेला.
जा, म्हणालो. तारीख चुकवू नको.
तो तारखेला गेला की नाही, मला माहीत नाही.

त्या बाटलीतून आणखी किती जणांना दिलं मी, मोजतो:
रशियन बाईच्या खांद्यावर चेरी,
दिल्लीच्या नवऱ्यामुलाला बदाम,
पेडण्याच्या एका पोराला आईचं कुंकू.
नंबर कुणाचाच नाही.

बाटली अर्धी आहे अजून. फेकलेली नाही.
ओतू कुठे, तेच कळत नाही.
मोरीत ओतली तर खाडीला जाणार,
आणि खाडी कुठे जाते ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.